मोबाइल काढून घेतला की मुलगा घर डोक्यावर घेतो

पत्र: मुलगा साडेसात वर्षांचा आहे, मुलगी तीन वर्षांची. मुलगा शाळेतून आला की माझा मोबाइल मागतो. कधी देते, कधी नाही म्हणते. परत घेताना ‘पाच मिनिटं, पाच मिनिटं’ करत अर्धा तास जातो. शेवटी ओढून घेतला की किंचाळतो, हाताला येईल ते फेकतो. गेल्या महिन्यात ‘आता महिनाभर फोन बंद’ असं सांगितलं, चौथ्या दिवशी माझंच अवसान गळालं. पिन बदलला तर तोही त्याने शोधून काढला. गेम खेळणाऱ्या कुणाकुणाचे व्हिडिओ बघतो आणि त्यांच्यासारखंच बोलतो. ‘गप ए’, ‘तुला काय कळतंय’ असं मलाही म्हणतो. रात्री अकराशिवाय झोपत नाही, सकाळी साडेसहाला ओढून उठवावं लागतं. धाकटी तर समोर व्हिडिओ असल्याशिवाय तोंडच उघडत नाही. सासू-सासरे म्हणतात, ‘देऊन टाक गं, रडवतेस कशाला.’ नवरा घरी आला की स्वतःच्या फोनमध्ये. मुलांना वळण लावायचं तर सुरुवात कुठून करू? — एक आई

उत्तर: तुमच्या पत्रात चार वेगवेगळी दुखणी आहेत. चारही एकाच आठवड्यात बरी करायला गेलात तर पुन्हा चौथ्या दिवशी अवसान गळेल. म्हणून क्रम ठरवूया: आधी झोप, मग फोन बंद होण्याचा क्षण, त्यानंतर धाकटीचं जेवण आणि सगळ्यात शेवटी बोलण्याची भाषा. भाषेचा त्रास तुम्हाला सर्वांत जास्त होत असणार, हे कळतंय. तरी तिचा नंबर शेवटचाच.

झोपेचा उल्लेख तुम्ही ओघात केलाय. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. अकरा ते साडेसहा म्हणजे झाले साडेसात तास, कमीत कमी गरजेपेक्षाही दीड तास कमी, आणि तेही रोज. झोप अपुरी पडली की मोठी माणसं पेंगतात. मुलं मात्र बऱ्याचदा उलटी वागतात. जास्त धांदल करतात, क्षुल्लक कारणावरून रडतात, ‘थांब’ म्हटल्यावर त्यांना थांबता येत नाही. हातातली आवडती गोष्ट खाली ठेवायला स्वतःवर जो ताबा लागतो, तोच अपुऱ्या झोपेने आधी जातो. तुम्ही ज्याला ‘वळण नाही’ म्हणता त्यातला काही भाग निव्वळ थकवा असू शकतो. तो किती, हे झोप भरून निघाल्याशिवाय कळणार नाही.

अकराची झोप एकदम नऊवर येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा. एकूण अडीच-तीन आठवडे लागतील. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार तर अर्ध्या तासाने पुढे जाऊ द्या, नाहीतर प्रत्येक सुट्टीनंतर पहिले पाढे पंचावन्न. झोपेआधी तासभर कुठलीच स्क्रीन नको. लोक याचा दोष स्क्रीनच्या निळ्या उजेडाला देतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. ‘पुढे काय होईल’ ही उत्सुकता आणि गेममधली चुरसही तितकीच जागवते, म्हणून नुसता उजेड पिवळा करून भागत नाही. रात्री घरातले सगळे फोन झोपायच्या खोलीबाहेर एकाच जागी चार्जिंगला लावा. ‘सगळे’ यात तुमचा आणि नवऱ्याचाही आला. गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

आता फोन काढून घेण्याचा क्षण. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरांमधली आई-वडील आणि मुलांची रोजची भांडणं बारकाईने नोंदवली आणि १९८२ साली त्यांची सविस्तर मांडणी केली. त्यातला फेरा तुमच्या पत्रात जसाच्या तसा आहे. तुम्ही ‘ठेव’ म्हणता, तो कुरकुरतो. तुम्ही आवाज चढवता, तो किंचाळतो. तुम्ही वैतागून ‘घे, अजून दहा मिनिटं’ म्हणता आणि घर शांत होतं. इथे बक्षीस दोघांनाही मिळालं, त्याला फोन आणि तुम्हाला शांतता. म्हणून दोघंही उद्या तेच करता. ‘नाही’ म्हणजे घासाघिशीची सुरुवात, हे तो यातून शिकला आहे.

यात सगळ्यात महाग पडतं ते तुमचं ‘कधी देते, कधी नाही म्हणते’. रोज ठरलेली मिळणारी गोष्ट बंद झाली तर मागणं तुलनेने लवकर विरतं. अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीसाठीचं मागणं मात्र चिवट होतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे. चार दिवस ठाम राहून पाचव्या दिवशी अर्धा तास रडल्यावर फोन दिलात, तर मूल एवढंच शिकतं की अर्धा तास रडावं लागतं. त्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला दिलेला परवडला. एखाद्या दिवशी द्यायचाच असेल तर रडण्याआधी द्या. एकदा ‘नाही’ म्हटलं की मग नाही.

‘पाच मिनिटं’ हे माप तर टाकूनच द्या. या वयाच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती हे आतून जाणवत नाही, त्यातून तो जे बघतो त्याला शेवटच नसतो. वर सरकवत गेलं की खालून नवीन येतच राहतं, ही रचना २००६ सालची. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणं त्याच जातीचं. पूर्वी कार्यक्रमच संपायचा, कुणाला बंद करावा लागत नव्हता. आता संपवण्याचं काम आणि त्यातला वाईटपणा, दोन्ही आई-वडिलांच्या गळ्यात आलं आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांच्या घरांतलं नेमकं हेच भांडण २०१६ साली तपासलं. ‘दोन मिनिटांत बंद हं’ अशी आगाऊ सूचना दिली की मुलं जास्त बिथरत होती, हे त्यांना दिसलं. बहुतेक पालकांचा समज याच्या उलट असतो. बंद होणं जिथे रोजच्या क्रमात बसलेलं होतं किंवा यंत्रच थांबत होतं, तिथे त्रास कमी होता. ती मुलं पाच वर्षांपर्यंतची होती, पण तत्त्व तुमच्या मुलालाही लागू पडतं. ठरलेल्या शेवटाशी मूल हुज्जत घालत नाही, आईशी घालतं.

त्यामुळे मोजमाप मिनिटांत नको, भागांत किंवा डावांत करा. मालिकेचे दोन भाग. गेमचे तीन डाव. ऑनलाइन गेममध्ये डाव चालू असताना थांबवता येत नाही, मध्येच सोडला तर सोबतचे खेळाडू चिडतात आणि काही गेममध्ये गुणही कापले जातात. डावाच्या मध्यावर फोन ओढून घेणं त्याला अन्याय वाटतं ते त्यासाठी, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. एक डाव साधारण किती वेळ चालतो ते एकदा शेजारी बसून घड्याळ लावून बघा आणि त्यावरून डावांची संख्या ठरवा. गेममधलं अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवा, आणि खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था आजच करा.

वेळ दिवसातल्या एकाच जागी ठेवा. शाळेतून आल्या आल्या नको. तेव्हा तो भुकेला आणि दमलेला असतो, शिवाय त्यानंतरचं प्रत्येक काम फोनपुढे फिकं पडतं. खाणं, बाहेर खेळणं, गृहपाठ, मग फोन आणि लगेच जेवण, असा क्रम बऱ्याच घरांत टिकतो, कारण फोननंतर जे येतं ते कुणासाठी थांबत नाही. फोन संपल्यावर समोर पोकळी असेल तर भांडण होणारच. ‘मग मी काय करू?’ हा त्याचा प्रश्न तेव्हा खरा असतो.

किती वेळ द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. ही मर्यादा धाकटीची. मोठ्यासाठी असा एकच आकडा नाही. त्याच्यासाठी वजाबाकी करावी लागते. चोवीस तासांतून झोपेचे किमान नऊ तास काढा, शाळा आणि प्रवास काढा, जेवणं, अंघोळ, गृहपाठ काढा, अंगाला घाम येईल असा एक तास खेळ काढा, घरच्यांशी गप्पांचा वेळ काढा. उरतं त्यातला थोडा वेळ रिकामा सोडा. कंटाळा आल्याशिवाय मुलं स्वतःचा खेळ शोधत नाहीत. हे सगळं वजा करता शाळेच्या दिवशी पाऊण तासापेक्षा जास्त वेळ उरेल असं मला वाटत नाही.

आता यंत्राची बाजू. इथे बरेच पालक फसतात. गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ नीट पाळून घेतं, पण मुलाचं स्वतःचं खातं ज्या उपकरणावर आहे त्याच्यावर. तो तुमच्याच फोनवर तुमच्याच खात्यातून बघत असेल तर ते लावून काही होणार नाही. आयफोनवर वेळेची मर्यादा घालणारी स्क्रीन टाइम ही सोय २०१८ पासून आहे. स्क्रीन टाइमला फोनच्या पिनपेक्षा वेगळा पासकोड ठेवा. माझं मत विचाराल तर मुलाचं बघणं तुमच्या फोनवरून हलवाच. सगळ्यांत बरा बैठकीच्या खोलीतला टीव्ही. तो लांब असतो, सगळ्यांना दिसतो, पांघरुणात नेता येत नाही. टीव्हीवर नको असेल तर सिम नसलेलं जुनं उपकरण घ्या आणि त्यात त्याचं वेगळं खातं काढा.

यूट्यूब किड्स हे मुलांसाठीचं ॲप वापरत असाल तर त्यात वेळ लावायची सोय आहे. वेळ संपली की ॲप स्वतः कुलूपबंद होतं. पण पालकांच्या भागात शिरताना ते मुळात गुणाकाराचा प्रश्न विचारतं. पाढे पाठ असलेल्या मुलाला तो अडवत नाही, तेव्हा तिथे स्वतःचा पासकोड टाका. फक्त तुम्ही मंजूर केलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतील असाही पर्याय त्यात आहे. धाकटीसाठी तोच निवडा. साध्या यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा आणि पाहण्याचा जुना इतिहास पुसून टाका, म्हणजे सुचवण्या पहिल्यापासून तयार होतील. यातलं काहीच जमत नसेल तर आधी निवडून उतरवून ठेवलेले दोन भाग आणि इंटरनेट बंद. संपले की संपले.

पिनबद्दल: मुलं पिन ‘हॅक’ करत नाहीत, खांद्यावरून बघतात किंवा वाढदिवस टाकून पाहतात. सहा आकडी ठेवा, घरातल्या कुणाच्याही जन्मतारखेचा नको, आणि त्याच्यासमोर टाकू नका. पिन त्याला माहीत होता त्या काळात त्याने स्वतःच्या बोटाचा ठसाही नोंदवला असू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन ठशांची यादी तपासा, नाहीतर पिन दहा वेळा बदलूनही फोन उघडतच राहील.

नवीन व्यवस्था एखाद्या शांत सकाळी सांगा, भांडणानंतर नको. तुम्ही दोघंही हजर हवेत. दहा मिनिटांच्या वर बोलू नका आणि चारपेक्षा जास्त नियम ठेवू नका. धाकटीसाठी ते चित्रात काढा. ‘तू ऐकत नाहीस म्हणून’ अशी सुरुवात नको. ‘फोन बंद करताना आपलं रोज भांडण होतं, मला ते नकोय, म्हणून आता असं करणार आहोत’ एवढं पुरे. दोनातून एक निवडण्याची मोकळीक त्याला द्या: तीन डाव की दोन भाग, जेवणाआधी की अंघोळीआधी. हवं की नको, हे त्याच्याकडे नाही.

पहिले काही दिवस वागणं आधीपेक्षा बिघडेल, आणि हे आधीच माहीत असणं फार गरजेचं आहे. जे ओरडणं इतके दिवस चाललं ते चालेनासं झालं की मूल आधी आवाज वाढवून बघतं, मग सोडतं. बहुतेक पालक नेमके या वाढलेल्या आवाजाला ‘हा उपाय आमच्या मुलाला लागू पडत नाही’ असं समजून थांबतात. तुमचा चौथा दिवस बहुधा तोच होता.

त्या वेळी करायचं काय? जवळ जा, त्याच्या उंचीला या, हळू आवाजात दोन वाक्यं बोला: ‘डाव संपले. राग आलाय, ते दिसतंय मला.’ मग गप्प. समजावणं, उद्याचं आमिष, धमकी, ‘बघ ताई-दादांची मुलं कशी वागतात’ ही तुलना, यातलं काही नको, कारण त्या क्षणी प्रत्येक शब्द हुज्जतीला नवीन धागा देतो. फेकायला लागला तर जवळच्या वस्तू उचला, धाकटीला बाजूला करा, हात हलकेच धरा आणि ‘फेकायचं नाही’ एवढंच म्हणा. मारू नका, चिडलं की हात उचलायचा, हाच पाठ त्यातून जातो. पूर्ण शांत झाल्यावर, म्हणजे श्वास नेहमीसारखा झाल्यावर, फेकलेलं त्यानेच उचलायचं. तुम्ही सोबत बसा, पण उचलायचं त्याने. माफी त्याच वेळी वदवून घेण्यात अर्थ नसतो.

शिक्षा छोटी आणि लगेचची हवी. फोन फेकला तर उद्याची वेळ गेली, परवा पुन्हा सुरू. महिन्याची शिक्षा दोन कारणांनी फसते. दुसऱ्या दिवसापासून मुलाकडे गमावण्यासारखं काही राहत नाही, मग नीट वागायचं तरी कशासाठी? आणि एवढा काळ ती पाळणं मोठ्यांनाच जमत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक शब्दाचं वजन उतरतं.

यापुढे फोनला बक्षिसाचं आणि गप्प करण्याचं काम देऊ नका. ‘गृहपाठ केलास तर अर्धा तास जास्त’ म्हटलं की गृहपाठ ही मोजायची किंमत होते आणि फोन हा ऐवज. रोज त्याचा भाव तुम्हीच वाढवता. ‘गृहपाठानंतर फोनची वेळ’ हे वेगळं. तो फक्त दिवसाचा क्रम झाला, त्यात घासाघीस नाही. गप्प करण्यासाठी फोन दिला तर आणखी एक नुकसान होतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा चिडलेल्या मुलाला शांत करायला वारंवार उपकरण देणं आणि पुढे त्याला भावना आवरता न येणं यांचा संबंध दिसला. राग स्वतःचा स्वतः उतरवण्याची संधीच मिळाली नाही तर ते कसब येणार कुठून?

धाकटीचं जेवण दोन आठवड्यांनी हातात घ्या, मोठ्याची घडी थोडी बसल्यावर. व्हिडिओ बघत जेवणारं मूल पोट भरल्याची खूण ओळखत नाही. तोंड आपोआप उघडतं, चावण्याकडे लक्ष नसतं, आणि भरवणाऱ्याला ‘आज छान जेवली’ असं वाटतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली कामाची वाटणी इथे उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दिवसातल्या ज्या जेवणाला तिला सर्वांत जास्त भूक असते, तेवढं एकच पहिल्या आठवड्यात फोनशिवाय करा. त्याआधी दोन-अडीच तास पाण्याखेरीज काही नको, दूधही नाही. तिच्या ताटात तुम्ही वाढाल त्याच्या निम्मं वाढा. संपलं तर तिला मागता येईल. स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, आणि घरातलं निदान एक माणूस तिच्यासोबत जेवायला बसू दे. अर्ध्या तासाने ताट उचला, चेहऱ्यावर काही न दाखवता. दोन-तीन दिवस ती कमी खाईल. हा प्रयोग हमखास मोडतो तो ताट उचलल्यानंतर पंधरा मिनिटांनी, कुणीतरी दयेपोटी बिस्किट हातात ठेवतं तेव्हा. पुढचं खाणं ठरल्या वेळीच. मात्र ती घास गिळताना ठसकत असेल, मोजून चार-पाच पदार्थच खात असेल किंवा वजन घटत असेल, तर यातलं काहीही करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कुणी बघत नसताना टीव्ही चालू ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा. मागे आवाज चालू असला की मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात आणि तीन वर्षांच्या मुलाचा खेळ सारखा तुटतो.

आता बोलण्याची भाषा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखवून दिलं, की मोठ्या माणसाला बाहुलीला बदडताना पाहिलेली मुलं तसंच करतात, आणि १९६३ मध्ये हेही, की प्रत्यक्षाऐवजी चित्रफितीत पाहिलं तरी करतात. तुमचा मुलगा वेगळं काही करत नाही. त्याने पाहिलेला खेळाडू ओरडतो, समोरच्याचा अपमान करतो आणि त्यावर सगळे हसतात. हसू हे बक्षीस. पहिल्यांदा दोन-तीन दिवस त्याच्या शेजारी बसून तो काय बघतो ते बघा, नाक न मुरडता. त्यानंतर कुठला चॅनेल चालेल आणि कुठला नाही हे ठरवा, आणि चालणाऱ्यातही मध्येच विचारा, ‘हा असं बोलला, त्यावर तो दुसरा मुलगा काहीच का बोलला नाही?’ उत्तर काहीही आलं तरी पुढे भाषण नको.

‘गप ए’ म्हणाला की हसायचं नाही आणि भडकायचंही नाही. दोन्हींनी त्या शब्दाला भाव मिळतो. ‘असं बोललास तर मी उत्तर देणार नाही. नीट सांग’ म्हणा आणि थांबा. नीट बोलला की लगेच, त्याच सेकंदाला, लक्ष द्या आणि शक्य असेल तर तो म्हणतोय ते ऐका. इथे फार पालक चुकतात: उद्धट बोलण्याकडे पूर्ण लक्ष आणि नीट बोलल्यावर ‘हं’. एक साधी गोष्ट तुमच्या बाजूनेही. त्याच्याशी बोलताना त्याचा फोन हिसकावणं, बोलणं मध्येच तोडणं कमी करा. तोही घरातलंच उचलतो.

सूचना कशी देता तेही बघा. ‘ठेवतोस ना रे फोन?’ हा प्रश्न झाला, त्याला ‘नाही’ असं उत्तर देता येतं. स्वयंपाकघरातून दिलेली हाक तर तो ऐकतच नाही. जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच सांगा: ‘फोन टेबलावर ठेव.’ मग मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. पाचच्या आत ठेवला तर ‘पहिल्यांदा सांगितल्यावर ठेवलास’ असं नेमकं म्हणा. नुसतं ‘शहाणा’ म्हटलं तर काय चांगलं केलं ते कळत नाही.

आणि रोज पाच ते दहा मिनिटं फक्त त्याची, वागणं कसंही असलं तरी. शिक्षा म्हणून ही वेळ कापायची नाही. खेळ तो निवडेल, तुम्ही आज्ञा द्यायची नाही, चूक काढायची नाही, सारखे प्रश्न विचारायचे नाहीत. तो जे करतोय तेच शब्दांत सांगायचं. ‘निळा ठोकळा वर ठेवलास. आता पूल होतोय.’ पहिल्या दिवशी हे अवघडल्यासारखं वाटतं. पालकांना प्रशिक्षण देणाऱ्या उपचारपद्धतींत हा भाग शिस्तीच्या आधी शिकवतात, कारण ज्याच्याशी चांगलं जमतं त्याचं ‘नाही’ मुलं जास्त ऐकतात. तुमच्याकडे सध्या फोन सोडला तर त्याला तुमचं निर्विघ्न लक्ष किती मिळतं, ते बघा.

सासू-सासऱ्यांशी तुम्ही भांडू नका. आई-वडील ज्याचे त्याने बोलावं. सगळे नियम त्यांच्यावर लादू नका, एकच मागा: रडत असताना फोन द्यायचा नाही. बाकी यंत्राचं कुलूप सांभाळेल आणि ‘अगं, तो आपोआप बंद झाला’ असं म्हणण्याची सोय त्यांनाही मिळेल. दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल ही यात मोजायची गोष्ट नाही, तो खुशाल करा. नवऱ्याला ‘फोन कमी कर’ असं मोघम सांगून काही होत नाही. घरी आल्यावर पहिला अर्धा तास आणि जेवणाची वेळ, एवढ्या दोनच वेळा मागून घ्या. तुम्हा दोघांना कामासाठी फोन हातात घ्यावाच लागला तर काय करताय ते मोठ्याने सांगा: ‘बिल भरतेय, झालं की ठेवते.’ मुलांना सगळं बोट फिरवणं सारखंच दिसतं.

आजारपण, प्रवास, पाहुणे यात घडी मोडेल. सूट द्या, पण द्यायच्या आधीच ती कधी संपणार ते सांगा: ‘ताप उतरेपर्यंत जास्त भाग, त्यानंतर नेहमीसारखं.’ सूट संपल्यावर दोन दिवस पुन्हा आरडाओरडा होईल.

दोन महिने हे सगळं सुसंगतपणे करूनही तो स्वतःला किंवा बहिणीला इजा करत असेल, शाळेत जायला नकार देत असेल, फोन सोडून कशातच रमत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमचा विकार आहे, पण त्यात सहसा १२ महिने टिकलेली लक्षणं बघतात. लगेच ‘व्यसन’ हा शिक्का मारू नका. धाकटी हाकेला वळून बघत नसेल किंवा दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर मात्र थांबू नका, लगेच तपासून घ्या.

पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: तो किती वाजता झोपला त्याच्या चौदा दिवसांच्या नोंदी, फोन बंद झाल्यावर आरडाओरडा किती मिनिटं चालला ते, आणि त्या दिवशी फोननंतर लगेच काय होतं.